बोटीचा विद्युत थ्रस्टर बंद पडल्यास दोष कसा शोधावा : तापीकाठच्या नवख्या बोटमालकांसाठी मार्गदर्शक

तापी आणि पूर्णा यांच्या संगमापाशी हतनूर धरणाचा जो विस्तीर्ण फुगवटा आहे, तेथे हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी मी गेली काही वर्षे बारा फुटांची फायबरची बोट वापरतो. इंजिनाच्या आवाजाने बदके लांबूनच उडतात, म्हणून बोटीच्या मागच्या फळीवर बारा व्होल्टचा विद्युत थ्रस्टर बसवला आहे. वर हातात धरायची मूठ, मध्ये लांब दांडा आणि खाली पाण्यात बुडालेली मोटार व तिचे पाते, एवढीच त्याची रचना आहे. यंत्र साधे असले तरी ते बंद पडते तेव्हा नवखा माणूस गोंधळून जातो. खानदेशात समुद्र नाही आणि बोटीची कामे करणारा मेकॅनिकही सहजी मिळत नाही. उलट रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकाने बाजाराच्या प्रत्येक गावी आहेत, त्यामुळे बंद पडलेला थ्रस्टर आपसूक तिकडेच जातो. माझाही तसाच गेला होता आणि त्यातून जे नुकसान झाले ते पुढे पाचव्या पायरीत सांगितले आहे.

हा लेख फळीला अडकवायच्या बारा व्होल्टच्या थ्रस्टरविषयी आहे. मोठ्या नौकांच्या पुढच्या टोकाला आडव्या नळीत बसवलेला थ्रस्टर वेगळा असतो, पण त्याचाही विजेचा मार्ग बॅटरी, फ्यूज, तारा, स्विच आणि मोटार असाच जातो. दोष शोधताना या मार्गाने चालावे आणि मोटार सर्वांत शेवटी उघडावी, एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

जवळ काय असावे

साधनांमध्ये डिजिटल मल्टिमीटर, डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, बॅटरीतील आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, पात्याच्या नटाला बसणारा पाना, पक्कड, तारेचा ब्रश, बारीक सँडपेपर, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली, लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची नळीदार कडी) दाबण्याचे क्रिंपिंगचे हत्यार, जादा लग, हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून जोडावर घट्ट बसणारी), जादा फ्यूज आणि पात्याच्या दोन-तीन जादा पिना असाव्यात. क्लॅम्प मीटर विकत किंवा उसना घेताना नीट पाहून घ्या. पाण्याच्या मोटारीचे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे बहुधा फक्त एसी मोजणारा क्लॅम्प असतो आणि तो बॅटरीच्या तारेवर लावला तर शून्य दाखवतो. ते शून्य पाहून मोटार प्रवाहच घेत नाही असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत.

कागदपत्रांमध्ये खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, मोटारीवरील अनुक्रमांकाचा फोटो, वायरिंगची आकृती असलेली पुस्तिका आणि जलाशयात बोट चालवण्याच्या परवानगीचे पत्र, हे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावे. अंतर्देशीय जलवाहन अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जलवाहनांना नोंदणी आणि सर्वेक्षण लागू आहे. त्यामुळे दुरुस्तीऐवजी जास्त शक्तीची नवी मोटार बसवण्याचा विचार असेल, तर तो आधी नोंदणी अधिकाऱ्यांच्या कानावर घालावा.

१. आधी काठाला या

पाण्याच्या मधोमध दुरुस्ती करू नका. थ्रस्टर थांबला की प्रथम मूठ शून्यावर आणा, बॅटरीची तार काढा आणि वल्ह्याने काठ गाठा. वल्हे, नांगर बांधलेला दोर आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असल्याशिवाय विद्युत थ्रस्टरच्या भरवशावर बोट सोडूच नये. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की एरवी संथ दिसणाऱ्या फुगवट्यालाही धरणाच्या बाजूने ओढ लागते आणि बंद मोटारीची हलकी बोट त्या ओढीत वल्ह्यांनी आवरत नाही. त्या दिवसांत बोट बाहेर न काढणे हाच योग्य निर्णय आहे.

पात्याला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार सुटलेली आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नुसती मूठ शून्यावर असणे पुरेसे नाही, कारण बिघडलेला स्विच कोणत्याही क्षणी मोटार सुरू करू शकतो. बॅटरीवर काम करताना हातातली अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे असले तरी दोन टोकांमध्ये अडकलेली अंगठी क्षणात लाल होते आणि हाताचे बोट भाजते.

२. लक्षण नेमके लिहून ठेवा

‘चालत नाही’ एवढ्याने काही कळत नाही. मोटार पूर्ण गप्प आहे, की आवाज येतो पण बोट सरकत नाही, की बोट सरकते पण जोर नाही, की थोडा वेळ चालून थांबते आणि पुन्हा सुरू होते, की फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालते, यांपैकी काय घडते ते वहीत लिहा. त्याच्याशेजारी वेळ, ऊन किती होते, बोटीत माणसे किती होती आणि तोवर किती मिनिटे थ्रस्टर चालला होता, हेही लिहा. ही नोंद म्हणजे निम्मे निदान असते.

आवाज येतो आणि बोट सरकत नाही, तर पाते पाहा. जोर हळूहळू कमी होत गेला, तर बॅटरी पाहा. चालते, थांबते, थंड झाल्यावर पुन्हा चालते, तर जोड आणि ब्रेकर (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप सुटणारा स्विच) पाहा. फक्त वरच्या वेगावर चालते, तर वेगाच्या नियंत्रणात दोष आहे. पाते हाताने फिरवून दिले की चालू होते, तर मोटारीतील कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले असण्याची शक्यता मोठी आहे.

३. पाते आणि पिन

पात्याची तपासणी पाच मिनिटांत होते आणि तिला पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी. पाते मोटारीच्या दांड्यावर एका आडव्या पिनेने अडकवलेले असते. दगड किंवा बुडालेले लाकूड लागले की मोटारीचा दांडा वाचावा म्हणून ही पिन तुटावी, अशीच योजना असते. ती तुटली की मोटार फिरते, पाते मात्र दांड्यावर नुसते घसरते. उन्हाळ्यात पाणी ओसरून बाभळीची जुनी खोडे पृष्ठभागाच्या जरासे खाली येतात, तेव्हा असे वारंवार होते. तुटलेल्या पिनेच्या जागी खिळा किंवा पोलादी सळईचा तुकडा ठोकू नका. खिळा वाकून भोकात रुतून बसतो, आणि सळई तुटत नसल्यामुळे पुढच्या धक्क्याला दांडा वाकतो.

पिन शाबूत असली तरी नट काढून पाते दांड्यावरून ओढून बाहेर घ्या आणि त्याच्या मागे काय अडकले आहे ते पाहा. मच्छीमारांच्या जाळ्यातला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पात्याच्या मागे गुंडाळला गेला की बाहेरून दिसत नाही, कारण तो पारदर्शक असतो आणि घट्ट बसल्यावर दांड्याचाच भाग वाटतो. नखाने खरवडून पाहा. मी एकदा अशी गुंडाळी काढली, तेव्हा तिच्याखालच्या रबरी सीलला सुरीने कापल्यासारखी खाच पडलेली होती. त्या खाचेतून पाणी आत शिरते आणि मग खरोखरच मोटार उघडण्याची वेळ येते. म्हणून जाळी असलेल्या भागातून आल्यावर दर वेळी, आणि एरवीही चार-पाच फेऱ्यांनंतर, पाते काढून मागची बाजू पाहण्याची सवय ठेवा. शेवाळ आणि पाणवनस्पती गुंडाळल्या असतील तर त्या ताबडतोब काढा, कारण अडकलेले पाते फिरवताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि तापते.

४. बॅटरी

जोर कमी पडण्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा थ्रस्टरचा दोष नसून बॅटरीचा असतो, असे माझे मत झाले आहे. ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो जोराचा बारा व्होल्टचा थ्रस्टर पूर्ण वेगावर अंदाजे ५० अँपिअर प्रवाह घेतो. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी या हिशेबाने दोन तास चालावी असे वाटते, पण मोठा प्रवाह ओढला की बॅटरीची उपयोगी क्षमता घटते आणि प्रत्यक्षात तास-सव्वा तासात ती बसते. शिवाय बॅटरीचे आयुष्य टिकवायचे असेल तर निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे पूर्ण वेगाचा वेळ तासाहूनही कमी उरतो. यंत्रात काही बिघाड नसताना एवढ्या गैरसमजापोटी मोटार बदलायला निघालेले लोक आहेत.

चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलेला विजेचा दाब (व्होल्टेज) फसवा असतो. तो १३ व्होल्टच्या वर दिसतो आणि बॅटरी उत्तम असल्याचा भास होतो. चार्जर काढून चार-पाच तास थांबा, मग मोजा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी असते आणि १२ च्या खाली आली की जवळजवळ रिकामी समजावी. त्यानंतर थ्रस्टर पाण्यात पूर्ण वेगावर चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर दाब मोजा. भरलेली आणि निरोगी बॅटरी साधारण ११.५ च्या वर टिकते. एक-दोन मिनिटांतच ती १०.५ च्या खाली घसरत असेल, तर तिचा एखादा तरी कप्पा गेलेला आहे.

टोपणे उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांची घनता मोजा. पूर्ण चार्ज असताना ती बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असते. या आकड्यापेक्षाही कप्प्याकप्प्यांतील फरक महत्त्वाचा आहे. एका कप्प्याची घनता इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल, तर ती बॅटरी बदलावीच लागेल. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

आमच्या भागात आणखी दोन चुका होतात. ट्रॅक्टरची बॅटरी घरात असते, म्हणून तीच बोटीत ठेवली जाते. ती इंजिन सुरू करताना काही सेकंद प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, तिच्या पट्ट्या पातळ असतात आणि रोज खोलवर रिकामी केली तर ती एका हंगामात संपते. दुसरी चूक पाण्याची आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि बॅटरीतले पाणी भराभर आटते. ते भरताना बोअरचे किंवा फिल्टरचे पिण्याचे पाणी घालू नका, बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणीच घाला. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच पाणी घालून चार्ज करा आणि उरलेले चार्ज झाल्यावर भरा, नाहीतर आम्ल उतू येते.

लिथियम बॅटरी असेल तर लक्षण वेगळे दिसते. तिचा जोर हळूहळू उतरत नाही. आतले संरक्षक सर्किट मर्यादा ओलांडताच पुरवठा एकदम तोडते आणि मोटार जळाल्यासारखे वाटते. बॅटरी भार सोडून थोडा वेळ ठेवा किंवा चार्जर लावा, आणि ती जागी झाली तर दोष मोटारीचा नाही हे समजा.

५. तारा, लग आणि ब्रेकर

येथे घाई करू नका. माझा थ्रस्टर एका एप्रिलमध्ये असा वागू लागला की सकाळी सहाला निघाल्यावर उत्तम चालायचा, अकराच्या सुमारास एकाएकी थांबायचा आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचा. मोटार तापते आहे असे मी गृहीत धरले आणि ती एका रिवाइंडिंगच्या दुकानात दिली. तेथे ती उघडली गेली, वाइंडिंग ठीक निघाले, पुन्हा बंद केली गेली, पण आतले सील आपल्या जागी नीट बसले नाही. पुढच्याच फेरीत मोटारीत पाणी शिरले. मूळ दोष होता तसाच राहिला आणि नव्हता तो एक दोष मी पैसे देऊन विकत घेतला.

मूळ दोष दाखवला तो आमच्या घाटावरच्या एका वयस्क नावाड्याने. तो म्हणाला, “भाऊ, मोटार राहू द्या. आधी वायर धरून पाहा, चटका कुठे बसतो ते.” पूर्ण वेगावर पाच मिनिटे चालवून, मग स्विच बंद करून मी बॅटरीपासून तारेवर बोटांची मागची बाजू फिरवत गेलो. तार कोमट होती, पण ब्रेकरच्या टोकाला बसवलेल्या लगेवर बोट टेकवेना. वरची काळी टेप उसवली तेव्हा आतून हिरवा भुगा गळला. लगेच्या नळीत बारीक तारांचा जो जुडगा असतो, त्यातल्या सहा-सात तारा तेवढ्या तांबूस आणि शाबूत होत्या. बाकीच्या काळ्या पडून बोटाने चोळताच तुटत होत्या. ती लग हत्याराने दाबलेली नव्हती, हातोडीने ठोकून चपटी केलेली होती.

एवढ्याशा जोडाने काय होते, याचा हिशेब समजून घ्या. जोडाचा रोध केवळ ०.०२ ओहम असला आणि त्यातून ५० अँपिअर गेले, तर तेथे एक व्होल्ट खर्ची पडतो आणि ५० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न त्या जागी सतत चालू ठेवल्यासारखे होते. माझ्या बाबतीत ही उष्णता शेजारच्या थर्मल ब्रेकरमध्ये उतरत होती. तो ब्रेकर काळ्या डब्यात उन्हात होता. असा ब्रेकर आतली पट्टी तापून सुटतो, म्हणून भोवतालचे तापमान जितके जास्त, तितक्या कमी प्रवाहावर तो तुटतो. सकाळी चालणे आणि अकराला थांबणे यांचे सगळे कोडे त्यात होते.

तपासणीची खात्रीची रीत म्हणजे दाबातील घट मोजणे. थ्रस्टर भाराखाली, म्हणजे पाण्यात पूर्ण वेगावर चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक काडी बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मोटारीकडे जाणाऱ्या धन तारेच्या शेवटच्या टोकावर टेकवा. मीटर जो आकडा दाखवील तेवढा दाब वाटेत हरवतो आहे. हेच ऋण बाजूलाही करा, कारण ऋण तारेकडे कोणीच पाहत नाही. दोन्ही बाजू मिळून घट अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर एकेक जोड सुटा मोजत जा आणि आकडा कोठे उडी घेतो ते पाहा. भार नसताना ही मोजणी निरर्थक आहे. एका तारेवर टिकून राहिलेला जोडही प्रवाह नसताना पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो आणि नवख्या माणसाची दिशाभूल करतो.

तार किती जाड आहे तेही पाहा. शेतातल्या पंपाची उरलेली ४ चौरस मिलिमीटरची केबल हाताशी असते, म्हणून ती थ्रस्टरला लावली जाते. पंपाला दाब मोठा आणि प्रवाह थोडा असतो, म्हणून तेथे ती चालते. येथे गणित उलटे आहे. बॅटरी पुढे आणि मोटार मागे असे तीन मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते, आणि ५० अँपिअरला त्या केबलमध्ये सुमारे १.४ व्होल्ट हरवतात. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर ही घट ०.३५ व्होल्टच्या आसपास येते. जुनी तार बदलल्यावर थ्रस्टर नवा झाल्यासारखा वाटला, असे अनेकांकडून ऐकले आहे आणि त्याचे कारण हेच आहे.

जोड नव्याने करताना गंजलेला भाग चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापा, योग्य मापाची लग क्रिंपिंगच्या हत्यारानेच दाबा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. साधी टेप पाणी आत कोंडून धरते. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या टोपणांतून आत जाऊ देऊ नका. नट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. ब्रेकर किंवा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या जितका जवळ असेल तितका चांगला. ५० अँपिअरच्या थ्रस्टरला पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा, बहुधा ६० अँपिअरचा, डीसीसाठी बनवलेला ब्रेकर लावा आणि तो सावलीत बसवा. घरातल्या बोर्डावरची एमसीबी काढून येथे लावू नका, आणि ब्रेकर वारंवार तुटतो म्हणून तो वगळून तार थेट जोडण्याचा मोह तर अजिबात धरू नका. पाते अडकले की तीच तार फायबरच्या बोटीत आग लावू शकते.

६. मूठ, स्विच आणि वेगाचे नियंत्रण

येथवर सर्व ठीक असेल तर वरच्या डोक्याकडे, म्हणजे मूठ आणि स्विच असलेल्या डब्याकडे वळा. स्वस्त थ्रस्टरमध्ये पाच पायऱ्यांचा स्विच असतो. खालचे वेग रोधक कॉइलमधून प्रवाह नेऊन मिळवलेले असतात, सर्वांत वरच्या वेगाला मात्र बॅटरी थेट मोटारीला जोडली जाते. म्हणून पाचवा वेग चालतो आणि बाकीचे चालत नाहीत, तर कॉइल जळाली आहे किंवा तिच्याकडे जाणारी तार तुटली आहे, मोटार निर्दोष आहे. पुढे चालतो आणि मागे चालत नाही, तर दोष स्विचमध्ये आहे. मूठ सलग फिरणाऱ्या थ्रस्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक पट्टी (सर्किट बोर्ड) असते. ती बिघडली की मोटार बहुधा एकतर पूर्ण वेगावरच चालते किंवा अजिबात चालत नाही.

डोके उघडण्यापूर्वी प्रत्येक तारेचा रंग आणि जागा दिसेल असे दोन-तीन फोटो काढा. आत पाणी, गंज, कोळ्याची जाळी, काळवंडलेले टोक किंवा निसटलेली क्लिप दिसते का ते पाहा. सुटलेल्या क्लिपा पक्कडीने हलकेच आवळून बसवल्यावर निम्मे दोष जागीच मिटतात.

७. मोटार थेट चालवून पाहणे

मोटारीकडे जाणाऱ्या दोन मुख्य तारा डोक्यातून सोडवा आणि मध्ये फ्यूज ठेवून त्या बॅटरीला थेट जोडा. जोडणी पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणेच करा. मोटार पाण्यात बुडालेली असावी, कारण भोवतालचे पाणीच तिला थंड ठेवते, आणि कोरड्यात काही सेकंदांपलीकडे ती चालवू नये. नदीवर जाणे शक्य नसेल तर गुरांची हाळ (पाणी पिण्याचा हौद) या कामाला उत्तम पडते. थ्रस्टर हाळेच्या काठाला शिकंज्याने घट्ट आवळा, गुरे आणि मुले दूर ठेवा.

थेट जोडल्यावर मोटार सुरळीत चालली, तर ती चांगली आहे आणि दोष स्विचमध्ये किंवा पट्टीत आहे. चालली पण पाते काढलेले असतानाही डीसी क्लॅम्पवर प्रवाह खूप दिसला, तर बेअरिंग अडकले आहे, आत पाणी आहे किंवा वाइंडिंगमध्ये शॉर्ट आहे. अजिबात चालली नाही, तर तारा सोडून दोन्ही टोकांमधला रोध मोजा आणि पाते हाताने सावकाश फिरवत राहा. चांगल्या मोटारीत रोध एक ओहमच्याही खाली असतो आणि थोडा हलतो. मध्येच मार्ग पूर्ण तुटत असेल, तर कार्बन ब्रश किंवा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) झिजला आहे. टोके आणि मोटारीची धातूची कवची यांच्यात मार्ग मिळाला, तर आत पाणी शिरले आहे किंवा वाइंडिंगचे इन्सुलेशन गेले आहे. हे मोजताना साधा मल्टिमीटर वापरा. पंपाच्या मिस्त्रीचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) इलेक्ट्रॉनिक पट्टी जोडलेली असताना लावला, तर चांगली पट्टीही जाते.

८. मोटार उघडणे

वॉरंटी चालू असेल तर येथे थांबा आणि आतापर्यंतच्या मोजण्या लिहून विक्रेत्याकडे जा. वॉरंटी संपली असेल आणि काम मिस्त्रीकडेच द्यायचे असेल, तर त्याला तीन गोष्टी आधी सांगा. ही कायम चुंबकाची डीसी मोटार आहे, तिला पंपासारखा कपॅसिटर नसतो. आतले चुंबक ठिसूळ असतात, म्हणून कवचीवर हातोडी चालवायची नाही. आणि उघडल्यावर सील तसेच्या तसे परत लावायचे नाहीत, नवेच बसवायचे. सील हाती आल्याशिवाय मोटार उघडायलाच देऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. सील बसवताना त्याच्या ओठाला ग्रीसचा हलका हात द्यायचा असतो आणि दांड्यावर गंजाचा खरखरीतपणा राहिलेला नसावा लागतो, नाहीतर नवे सीलही महिन्याभरात झिजते.

आत पाणी आढळले तर ते काढून, मोटार सावलीत पूर्ण वाळवून, ब्रश आणि बेअरिंग पाहून मगच बंद करावी. खानदेशातल्या उन्हात तापवून लवकर वाळवण्याची घाई करू नका, रबर कडक होते.

९. पुन्हा पाण्यात सोडताना

सर्व जोडून झाल्यावर थ्रस्टर प्रथम हाळेत दहा मिनिटे मधल्या वेगावर चालवा आणि प्रत्येक जोडाला हात लावून पाहा. नंतर बोटीला बांधून काठापासून वल्ह्याच्या टप्प्यात पंधरा मिनिटे फिरवा, बोटीत दुसरे माणूस असू द्या. या फेरीत चार आकडे वहीत लिहा : निघण्यापूर्वीचा बॅटरीचा दाब, पूर्ण वेगावरचा दाब, पूर्ण वेगावरचा प्रवाह आणि तारांमधील एकूण घट. पुढे कधी जोर कमी वाटला तर तीच वही उघडून त्याच चार जागी पुन्हा मोजा, जो आकडा बदललेला दिसेल तेथून शोध सुरू करा. माझ्या वहीचे पहिले पान मी बॅटरीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवले आहे.